बल्खचं बी

दोसिंदाने अंगठ्याच्या नखाने गांजाचा तुरा उकलला, तर आत राखाडी लोकरीसारखी बुरशी होती.

बाहेरून त्या तुऱ्याला काहीसुद्धा झालेलं नव्हतं. मुठीएवढा, घट्ट, चिकाने चमचमणारा. तिने शेजारचा उकलला. तोही तसाच. गालिसियाच्या त्या किनाऱ्यावर समुद्रावरचं धुकं पाच दिवस हललं नव्हतं. रोज सकाळी ती एकेक झाड धरून त्याच्यावरचं पाणी झटकत होती, आणि दुपारपर्यंत पानं पुन्हा ओलीच. आता तिचे खांदे भरून आले होते.

दारातल्या खुर्चीतून एवारिस्तोने विचारलं, किती गेलंय.

“थोडं,” ती म्हणाली.

नवऱ्याशी ती सहसा खोटं बोलत नसे. पण बोटीवर तुटलेला दोर कण्यावर बसला तेव्हापासून त्याचे पाय रात्रभर जळत, आणि दवाखान्यातल्या गोळ्या घेतल्या की तो दिवसभर भिंतीकडे बघत बसे. या झाडाच्या चार झुरक्यांवर मात्र त्याला झोप लागायची. गेल्या वर्षी पावसाच्या धास्तीने तिने झाडं लवकर कापली होती. त्या कच्च्या मालाने त्याचं नुसतं डोकं गरगरलं, झोप काही आली नाही. यंदा काहीही झालं तरी झाडं पुरती पिकू द्यायची, असं त्याने तिच्याकडून उन्हाळ्यातच कबूल करून घेतलं होतं. पिकायला अजून दहा दिवस हवे होते.

शेरआगाला तिने बोलावलं ते यासाठीच. तो मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यात कामाला होता. मूळचा अफगाणिस्तानातल्या बल्खचा. बेकरीच्या रांगेत त्याने गावाचं नाव सांगितलं तेव्हा तिचे कान टवकारले होते, कारण तिच्या खलाशी भावाने हे बी आणून दिलं होतं ते बल्खचं म्हणूनच. पाळी संपवून शेरआगा आला तेव्हा त्याच्या कपड्यांना व्हिनेगरचा वास येत होता. कोबीच्या वाफ्यामागची झाडं बघून तो थबकला. एक पान चुरगळून त्याने नाकाशी धरलं आणि बराच वेळ हात खाली घेतला नाही.

मग तो सांगत राहिला. त्याच्या वडिलांचं गावाबाहेर असंच शेत होतं. झाडं कमरेएवढी, बुटकी. थंडी पडेपर्यंत ती उभीच ठेवायची, पानं जांभळी झाली की कापायची. वाळवायला वेगळं काही करावंच लागत नसे. वडील दुपारी त्या झाडांच्या सावलीत पाय ताणून झोपायचे.

दोसिंदाने त्याला बोलू दिलं. मग म्हणाली, “बुरशी लागली की काय करायचे तुझे वडील?”

“लागायचीच नाही, मावशी. तिथे या दिवसांत ओठ फुटतात. पाण्यावरून भांडणं व्हायची आमच्याकडे. पाणी जास्त झालं तर काय करायचं, ते आम्हाला कुणी शिकवलंच नाही.”

एवारिस्तो खुर्चीत थोडा सरकला. “घे. एवढ्या लांबचा वैद्य शोधलास, आणि त्याने हा रोगच बघितलेला नाही.”

दोसिंदा त्याच्याकडे वळली. “थोडं नाही, अर्धं गेलंय. उद्यापर्यंत उरलेलंही जाईल.”

तो वाद घालेल असं तिला वाटलं होतं. त्याने फक्त आपल्या गुडघ्यांकडे बघितलं आणि म्हणाला, “काप मग.”

कुणी न सांगता शेरआगाने विळा उचलला. त्याचा हात सराईत होता. चार झाडं आडवी झाली. ओट्यावर बसून दोघांनी एकेक तुरा उकलला. सडका जाळायच्या ढिगात, चांगला टोपलीत. टोपलीचा तळ जेमतेम झाकला. दोसिंदाने ती उचलली आणि दगडी पायांवरच्या कोठारात वाळत घालायला नेली. परत येऊन बघते तर शेरआगा कुंपणाच्या भिंतीपाशी उभा.

तिथे पाचवं झाड होतं. माणसापेक्षा उंच, काटकुळं. त्याचे तुरे इतके विरळ की त्यांच्यामधून पलीकडची भिंत दिसत होती. त्याच्याकडून दोसिंदाने कधी काही अपेक्षा केली नव्हती. शेरआगाने एक तुरा उकलला. आत कोरडं. दुसरा उकलला. कोरडा. खालचा, अगदी जमिनीजवळचा. तोही.

“हे आमच्याकडच्या झाडांसारखं नाही,” तो म्हणाला. “दर वर्षी बी कुठल्या झाडाचं ठेवता?”

“जे उरेल त्याचं. इथे निवडायला काय असतं?”

एवारिस्तोने दारातून विचारलं, त्याला तरी दहा दिवस देता येतील का. दोसिंदाने तुरा बोटांत फिरवून बघितला. म्हणाली, वीससुद्धा देता येतील. माल हलका निघेल, पण जपून वापरला तर नाताळपर्यंत पुरेल. एवारिस्तोने मान डोलावली आणि डोळे मिटले.

शेरआगा अजून झाडाकडेच बघत होता.

“किती वर्षं लागली याला असं व्हायला?”

“एकोणीस,” दोसिंदा म्हणाली.

शेरआगाला या गावात येऊन सहा वर्षं झाली होती, आणि धुक्याचे दिवस आले की अजूनही त्याला महिनाभर खोकला लागत असे.