खिशातला कांदा

मे महिन्यातल्या भर दुपारी वर्षालीने शेखरला अकोल्याच्या घरी आणलं, बाबांना लग्नाचं विचारायला. शेखर मेळघाटातला, माणसाच्या रूपात राहणारा ड्रॅगन होता आणि हे फक्त तिलाच ठाऊक होतं. घाबरला की त्याचं अंग तापायचं. आज तो फारच घाबरला होता.

तिच्या बाबांनी, शेषरावांनी, त्याचा हात हातात घेतला आणि चटकन सोडला. "अरे बाप्पा, पोराले ऊन लागलं! बिना कांद्याचा कावून फिरून राह्यला रे?" ऊन बाधू नये म्हणून स्वतःच्या खिशात ठेवलेला कांदा त्यांनी काढून त्याच्या खिशात कोंबला.

चहा येईपर्यंत बैठकीत भाजल्या कांद्याचा वास सुटला. शेखरचा खिसा करपला, मानेवर हिरवे खवले उमटले. तो मान खाली घालून जायला उठला.

वर्षाली त्याला अडवून दारात उभी राहिली. "बाबा, हा ड्रॅगन हाये. मले पयलेपासून मालूम हाये. तरी मले हाच पायजे."

शेषराव उठून शेखरपाशी आले. मग त्यांनी शेखरच्या खिशातला कांदा काढला, या हातातून त्या हातात झेलत गार केला, बुक्कीने फोडला आणि मीठ लावून एक पाकळी तोंडात टाकली.

"चुलीतबी असा भाजत नाई," ते म्हणाले. "बस बापू, जेवून घे. आन वर्षाली, त्याच्या खिशात अजून दोन कांदे टाक."