नैवेद्याचं मीठ

कटाची आमटी उकळत होती आणि मोरेश्वरांचा जीव टांगणीला लागला होता. हल्ली सत्तरी ओलांडलेल्यांच्या घरात शेगडीच चुका मोजायची. तीन झाल्या, की त्या हाताला ती पुन्हा कधी पेटत नसे. त्यांच्या बायकोच्या, शरयूच्या, नावावर दोन झाल्या होत्या. एकदा दूध उतू गेलं आणि गेल्या महिन्यात आमटी अळणी झाली. तेव्हापासून तिची पाठ वळली, की मोरेश्वर गुपचूप मीठ घालत. एरवी चाखून तरी कळलं असतं, पण आज गौरीचा नैवेद्य. तो कोण चाखणार?

शरयू तुळशीचं पान आणायला गेली. त्यांनी घाईघाईनं चमचाभर मीठ आमटीत सोडलं. ती परत येते न येते, तोच शेगडी लाल झाली.

"मीठ दुप्पट. चूक कोणाची? अंगठा ठेवा."

म्हणजे हिनं आधीच घातलं होतं! शरयूनं पुढे केलेला हात बाजूला सारून त्यांनी आपलाच अंगठा टेकवला.

"अहो, हे काय?"

"दोन्ही वेळा मीच घातलं," ते ठासून खोटं बोलले.

शरयूनं तुळशीचं पान ओट्यावर ठेवलं.

"हो, दोन्ही वेळा तुम्हीच," ती हळूच म्हणाली. "महिनाभर मी मिठाला हात लावलेला नाही. तुम्ही घालता ना, म्हणून."