बिनबाह्यांचं जाकीट

लग्नाच्या कपड्यांसाठी कोल्हापूरला आलेला विश्राम दुकानातल्या आरशासमोर कोटामागून कोट उतरवत होता. थ्री-पीस झाला, जोधपुरी झाला, शेरवानीही झाली. पण अपघातात कोपरापासून गेलेल्या डाव्या हाताची बाही प्रत्येकात रिकामी लोंबत राहिली.

“बाहीत कापूस भरून मिळेल का?” त्यानं दुकानदाराला हळूच विचारलं.

त्याच्या होणाऱ्या बायकोनं, तेजलनं, ते ऐकलं. ती आमसुली रंगाचं बिनबाह्यांचं जाकीट घेऊन आली. “हे घाल. आत अर्ध्या बाहीचा झब्बा.”

“सगळं वऱ्हाड बघेल गं!”

“बघू दे की. मी बघूनच हो म्हटलंय.”

त्यानं जाकीट चढवलं.

लग्नाच्या पंगतीत तेजलच्या चिमुरड्या भाचीनं मोठ्यानं विचारलंच, “काका, तुमचा दुसरा हात कुठाय?”

विश्रामनं तिला जवळ घेतलं. “गाडीवरून पडलो ना, तेव्हा गेला. पण जिलबी भरवायला हा एक पुरतो,” म्हणत त्यानं तिच्या तोंडात जिलबी कोंबली.

पंगतीत हसू फुटलं, आणि साऱ्यांत मोठ्यानं हसला तो विश्रामच.