शेवटची अकरा मिनिटं

मेट्रो, बस आणि भाड्याच्या सायकली, तिन्हींवरच्या प्रवासाची माहिती एकत्र करून लोकांसाठी खुली करायचं काम तिच्याकडे होतं. नाव, वय, बाई की पुरुष, सगळं तिनं स्वतः पुसलं. नकाशावर उरल्या नुसत्या रेघा. एकट्यादुकट्याच्या रेघाही गाळू या, असं ती म्हणाली होती. पण साहेबांनी ऐकलं नाही. "अहो, एकट्या माणसालाही सोय हवीच की!"

नकाशा खुला झाल्यावर लोकांकडून पहिली सूचना आली तेव्हा साहेब हरखले आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचू लागले. "एक प्रवासी रोज तुमच्याच कार्यालयासमोर मेट्रो पकडतो, पुढे बस घेतो आणि शेवटच्या थांब्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत अकरा मिनिटं चालतो. थांब्यावर एक सायकल ठेवा."

"याला म्हणतात जागरूक नागरिक!"

नवऱ्याचं घर सोडून ती आठ महिने त्या टाकीमागच्या खोलीत लपून राहत होती. पत्ता सख्ख्या आईलाही सांगितला नव्हता. योगायोग असेल, तिनं स्वतःला बजावलं.

साहेबांनी चष्मा सारखा केला. "थांबा, खाली आणखी एक ओळ आहे. 'सीट खाली करून ठेवा. तिचे पाय पोचत नाहीत.'"