स्लॅबचं पाणी

तिसरा पर्याय वाचताना सेक्रेटरी सर्वेशचा आवाज खाली आला. पहिले दोन त्याने खणखणीत वाचले होते. दुरुस्तीचे घरटी साडेतीन लाख एकदम भरले तर पाच टक्के सूट. नाहीतर अठरा हप्ते, व्याजासह. आणि ज्यांना दोन्ही जमणार नाही, त्यांनी फ्लॅटचं शेअर सर्टिफिकेट सोसायटीकडे ठेवायचं. फ्लॅट विकला जाईल तेव्हा सोसायटी आपले पैसे कापून घेईल.

पार्किंगमध्ये भरलेल्या सभेतल्या सगळ्या माना चौथ्या मजल्यावरच्या जोविटाकडे वळल्या. नौपाड्यातल्या एका दवाखान्यात तीस वर्षं नर्स होती ती. नवरा गेलेला. मुलगा व्हॅलेंटाईन दोहाला. ज्या घरात कधी राहायचं नाही त्यात पैसे घालणार नाही, असं त्याने फोनवर सांगून टाकलं होतं. हे तिनेच मघाशी सांगितलं होतं, हवापाण्याबद्दल सांगावं तसं.

पण खरा वाद वेगळाच होता. जोविटाच्या घराखालचा स्लॅब सगळ्यात जास्त सडला होता. त्याच्या एकट्याच्या कामाला वरचे दोन लाख चाळीस हजार. गळती जोविटाच्या बाथरूमची असेल, तर ते तिने एकटीने भरायचे. तिसऱ्या मजल्यावरची रुचिता म्हणाली, आंटींनी मशीन लावलं की आमच्याकडे छत्री उघडावी लागते. लोक हसले. जोविटाने दोनदा बाथरूम फोडून नवं केलं होतं, ते कुणाला आठवलं नाही.

इंजिनिअर क्षिप्रा मात्र हसली नाही. तिने स्लॅबचा तुकडा काढून तपासला होता. नुसत्या गळतीने एवढं होत नाही, असं तिचं म्हणणं. काँक्रीट मुळातच कच्चं होतं. टाकल्यावर पहिले सात दिवस स्लॅबला पाणी मिळालं नसेल तर असं होतं. तसं असेल तर दोष कुणा एकाचा नाही. खर्च सोळा घरांत वाटायचा, प्रत्येकी पंधरा हजार.

पंधरा हजार म्हटल्यावर पार्किंगमध्ये कुजबुज झाली. सर्वेशने पहिल्या रांगेकडे पाहिलं.

"कलावतीकाकू, तुम्हीच सांगा. त्या स्लॅबला पाणी मारलं होतं ना?"

विचारणं तसं रीतीपुरतंच होतं. दर सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की कलावती सोसायटीच्या मुलांना हीच गोष्ट सांगायची. त्र्याऐंशी सालचा मे महिना. सगळे सभासद जवळच्याच चाळीत भाड्याच्या खोल्यांत राहत होते आणि इथे बिल्डिंग उभी राहत होती. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस झोपा काढायचा, म्हणून स्लॅबवर पाणी मारायच्या पाळ्या सभासदांनीच वाटून घेतल्या. चौथ्या मजल्याचा स्लॅब कलावतीच्या वाट्याला आला. जिन्याला पायऱ्या नव्हत्या. दोन हातांत दोन डबे घेऊन ती बांबूच्या फळीवरून चढायची आणि मग वहीत सही करायची. मुलं टाळ्या वाजवायची. ती वही कपाटात जपून ठेवलेली होती. तिचे यजमान सोसायटीचे पहिले सेक्रेटरी. जिन्याजवळच्या संगमरवरी पाटीवर त्यांचं नाव होतं.

कलावतीने त्या पाटीकडे पाहिलं.

"दोन्ही वेळ मारलं होतं," ती म्हणाली. "सातही दिवस."

क्षिप्राने फाइल मिटली. मग मला काही म्हणायचं नाही, असं म्हणाली. स्लॅबचा खर्च जोविटानेच भरायचा, असा ठराव मांडला गेला आणि हात वर झाले. सगळ्यांत आधी जोविटाचा हात वर गेला. रुचिताने तिच्या कानाशी लागून सांगितलं, की आंटी, हा ठराव तुमच्याच विरुद्ध आहे. जोविटाने हात खाली घेतला नाही.

चहा आला. खुर्च्या हलल्या. कलावतीने सूट वजा करून घरूनच लिहून आणलेला चेक पर्समधून काढला आणि खजिनदारापुढे ठेवला. अक्षर अजून किती वळणदार आहे काकूंचं, असं तो म्हणाला.

त्या मे महिन्यात वहीतल्या सह्याही अशाच वळणदार होत्या. नळ कोरडे होते आणि टँकर दिवसाआड यायचा. बांधकामावरच्या ड्रममध्ये पाणी असायचं ते तेवढ्या एका स्लॅबपुरतं. सात दिवस कलावतीने त्या पाण्याने डबे भरले, सही केली, आणि फळीकडे न वळता ती फाटकातून बाहेर पडली. हे तिने यजमानांनाही सांगितलं नव्हतं. पुढे तर गोष्ट इतक्या वेळा सांगून झाली, की कधीकधी फळी पायाखाली हलल्याचं तिला खरोखरच आठवायचं.

जोविटा तिच्या शेजारी येऊन बसली. हातात तिसऱ्या पर्यायाचा फॉर्म होता. साडेतीन लाख अधिक दोन लाख चाळीस हजार, असा आकडा तिने भरून टाकला होता. साक्षीदार म्हणून एका सभासदाची सही हवी होती.

"इथे कर, कला."

कलावतीने सही केली. तिला मान वर करवेना. काहीतरी बोलायचं म्हणून तिने व्हॅलेंटाईनला पुन्हा एकदा फोन करून बघ, असं सुचवलं.

"त्या मे महिन्यात दोन महिन्यांचा होता तो. जुलाब थांबत नव्हते, चाळीचा नळ बंद," जोविटा फॉर्मची घडी घालत म्हणाली. "सात दिवस तू दोन डबे आणून द्यायचीस. तळाला सिमेंट बसलेलं असायचं. मी फडक्यातून गाळून घ्यायचे."