चेहरा जुळत नाही

मोबाईलच्या पडद्यावर पुन्हा लाल अक्षरं उमटली : चेहरा जुळत नाही. खाली बारीक अक्षरांत, आता एकच प्रयत्न शिल्लक.

टचअपकाकांच्या तोंडचं पाणी पळालं. स्टुडिओ त्यांचा, दिवे त्यांचे, समोर स्टुलावर बसलेली बायकोही त्यांचीच. उभा जन्म लोकांचे चेहरे टिपण्यात घालवलेल्या माणसाला घरचा एक चेहरा जुळवता येत नव्हता.

संध्याकाळी काकूंचं विमान होतं. परदेशात लेकीचं बाळंतपण अडलं होतं. बाळ सुखरूप होतं, ती मात्र शुद्धीवर येत नव्हती. "आईंना पाठवा, बाबा," एवढं बोलून जावयानं फोन ठेवला होता. लेकीच्या लग्नानंतर हौसेनं काढलेला काकूंचा पासपोर्ट आज पहिल्यांदा कपाटातून बाहेर आला. तिकीट मिळालं, बॅग भरली, आणि या ऑनलाइन परवानगीपाशी घोडं पेंड खाऊ लागलं. ती परवानगी आल्याशिवाय विमानात पाऊल ठेवू देणार नव्हते. माहिती भरून झाली, फी गेली. आता मोबाईलसमोर बसून चेहरा दाखवायचा आणि तो पासपोर्टातल्या फोटोशी जुळायचा, एवढंच राहिलं होतं.

"मदत केंद्राला विचारा ना," काकू म्हणाल्या.

"विचारलं. म्हणतात, तक्रार नोंदवा, दोन-तीन दिवसांत बघतो." काका म्हणाले. "दोन-तीन दिवस! तोवर पोर तिकडे..."

"तोंडातून काढू नका तसलं. द्या तो पासपोर्ट इकडे."

काकूंनी फोटो दिव्याखाली धरला आणि बघतच राहिल्या. काकांनी मान खाली घातली. त्यांना पहिली लाल अक्षरं दिसताच उमगलं होतं, फक्त सांगायला जीभ रेटत नव्हती.

काकूंच्या डाव्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत जन्मापासूनचं काळंभोर लासं होतं. लेक लहानपणी त्यावर बोट फिरवल्याशिवाय झोपायची नाही. लग्न होऊन जातानासुद्धा तिचा हात आधी तिथेच गेला होता. फोटोत मात्र तो गाल धुतलेल्या बशीसारखा लख्ख होता.

गिऱ्हाइकानं आरशातल्यापेक्षा दोन बोटं बरं दिसून घरी जावं, हा काकांचा धंद्यातला नेम. कुणाची चामखीळ, कुणाच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं न विचारता जायचं. लोक त्यांना टचअप म्हणायचे ते उगाच नाही. पासपोर्टच्या फोटोला हात लावू नये हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण फोटो बायकोचा, हात जरा जास्तच मायेनं फिरला. आणि कार्यालयातला कॅमेरा त्या दिवशी बंद होता म्हणून कारकुनानं काकांचाच फोटो चालवून घेतला, मान वर करून पाहिलंच नव्हतं.

"ही कोण?" काकूंनी विचारलं.

"अगं, सवयीनं गेलं ते..."

"मी म्हटलं होतं का, घालवा म्हणून?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. काका उठले. कोपऱ्यात आरसा होता, कंगवा होता, फोटोपुरता अंगात घालायचा सगळ्यांचा मिळून एक काळा कोट होता. तिथून त्यांनी नव्या नवरींसाठी ठेवलेली चेहऱ्याच्या रंगाची डबी आणली.

"हात जोडतो तुला. एकदाच. पोरीसाठी."

काकूंनी डोळे मिटले. "करा."

इतकी वर्षं हे काम त्यांनी कागदावर केलं होतं, नंतर कॉम्प्युटरवर. कातडीवर कधी केलं नव्हतं. गाल बोटांना ऊन लागत होता आणि रंग धरत नव्हता, कारण तो वरून ओला होत होता.

"रडू नकोस गं. रंग बसत नाही," काका म्हणाले, आणि स्वतःच बाहीनं नाक पुसलं.

शेवटी लासं बुजलं. काकू मोबाईलसमोर ताठ बसल्या. पडद्यावर गोल चक्र फिरत राहिलं. मग हिरवी अक्षरं आली : परवानगी मंजूर.

काकांनी डबीचं झाकण लावलं. तेवढ्यात त्याच मोबाईलवर जावयाचा व्हिडिओ कॉल आला.

"बाबा, तिनं डोळे उघडलेत! पण ओळख लागत नाहीये कुणाची. माझीसुद्धा नाही. आईंना बोलू दे, लवकर!"

पडद्यावर उशी दिसली आणि उशीवर लेकीचा पांढराफटक चेहरा. काकूंनी मोबाईल दोन्ही हातांनी धरला. "बाळा, मी आलेच हं. इकडे बघ. आई आहे मी."

लेकीची नजर पडद्यावर आली. चेहऱ्यावरून फिरली, गालावर थांबली, काहीतरी शोधत राहिली आणि परक्या बाईवरून काढून घ्यावी तशी दुसरीकडे वळली.

"अगं, मी आई!" काकू ओरडल्या.

काका उठले. टॉवेलाचं टोक तांब्यात बुडवलं आणि काकूंचा डावा गाल खसाखसा पुसू लागले.

"अहो, काय करताय! विमानतळावर फोटो बघतील, तोंड बघतील..."

"बघू देत. माणसं असतात तिथे. सांग त्यांना, नवरा फोटोग्राफर आहे."

रंग टॉवेलावर उतरत गेला. काकांनी बायकोची हनुवटी धरली आणि तो गाल दिव्याकडे वळवला.

पलीकडे लेकीचा हात हळूहळू वर आला. मनगटाला टोचलेल्या सुईची नळी लोंबत होती. एक बोट पडद्याला टेकलं आणि काचेवरच एका जागी, सावकाश फिरू लागलं.