बोथट सुरा

नान्नजच्या माळावर मेंढीचं पोट फाडून लांडगा पळाला, पण तिचा जीव जाईना. तिला चटकन मोकळं करावं म्हणून बिराप्पा धनगरानं कमरेचा शिकारीचा सुरा उपसला, तर लोकरसुद्धा कापेना. गेल्या साली कीर्तन ऐकून त्यानं गळ्यात माळ घातली, शिकार सोडली, आणि बोथट सुऱ्यानं पाप घडत नाही म्हणून धार लावणंही सोडलं. "अवो, देवानं सांगितलं व्हतं का, मुक्या जिवाला तडफडत ठेवा म्हणून?" बायको ओरडली. तो दगडावर पाणी शिंपडून सुरा घासू लागला. मेंढी एकटक त्याच्याकडंच बघत होती. अखेर धार आली. तो उठणार, तेवढ्यात कळपातनं तिचं कोकरू धावत आलं आणि कासेला लुचू लागलं. "थांबा वाईच," बायको म्हणाली, "पिऊ द्या त्येला." बिराप्पा पुन्हा बसला आणि धार आलेला सुरा घासतच राहिला.